७ बाय ५७ मधली कस्टम माउझर रायफल: लाकडाचं कौतुक नंतर, आधी फीडिंग बघा

कस्टम रायफल म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, लाकूड कुठलं आणि ग्रुप केवढा येतो (निशाण्यावर गोळ्या किती जवळजवळ लागतात). दोन्ही सांगतो पण नंतर, कारण या ७ बाय ५७ काडतुसाच्या (७ मिलीमीटरची गोळी, ५७ मिलीमीटर लांब कवच) रायफलमध्ये खरी मेहनत जिथे गेलीये ती जागा फोटोत दिसतच नाही. काडतुसं ठेवायचा मॅगझिनचा डबा आणि त्याच्यावरचे रेल्स, म्हणजे ज्या कडांवरून काडतूस बॅरलकडे सरकतं त्या. हे सरकणं म्हणजेच फीडिंग.

ॲक्शन, म्हणजे काडतूस भरणारी, बंद करणारी आणि बाहेर काढणारी यंत्रणा, जर्मन माउझर ९८ धर्तीची आहे. डिझाइन १८९८ चं पण पोलाद आणि मशिनिंग आजचं, जुनी लष्करी रायफल सोलून घासूनपुसून केलेला प्रकार नाही. आता या ॲक्शनची गंमत अशी की काडतूस मॅगझिनमधून वर आलं की त्याचं बूड लगेच बोल्टच्या (हाताने पुढेमागे सरकवायच्या दांड्याच्या) पंजात, म्हणजे त्या लांब एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकतं आणि तिथून बाहेर फेकलं जाईपर्यंत सुटत नाही. पुश-फीड रायफलमध्ये (रेमिंग्टन ७०० घ्या उदाहरणार्थ, १९६२ पासून चालू आहे) बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि पूर्ण बंद झाल्यावरच ते पकडतो, त्यामुळे घाईत अर्धवट बंद करून मागे ओढलात तर पहिलं काडतूस चेंबरमध्येच (बॅरलच्या मागच्या टोकाच्या पोकळीत) राहतं आणि दुसरं त्याच्या पाठीवर जाऊन आदळतं. इथे तसं होत नाही. डमी काडतुसं भरून रायफल आडवी धरून बघितली, उलटी धरून बघितली, मुद्दाम मुंगीच्या चालीने बोल्ट सरकवून बघितला, एकदाही अडकली नाही.

हे आपोआप होत नाही हो. काडतुसं डब्यात एकाआड एक दोन रांगांत बसतात आणि लागोपाठच्या तिघांचे मध्य जोडले तर समभुज त्रिकोण व्हायला हवा, म्हणून डब्याची रुंदी म्हणजे काडतुसाच्या बुडाचा व्यास गुणिले १.८६६. ७ बाय ५७ चं बूड साधारण १२ मिलीमीटर, म्हणजे डबा मागच्या बाजूला २२.४ चा हवा. व्हर्नियर लावला, तेवढाच भरला, आणि काडतुसाच्या निमुळतेपणाप्रमाणे पुढे अरुंद होत गेलाय. बरेच बनवणारे इथेच शॉर्टकट मारतात, थर्टी-ओ-सिक्स या लांब काडतुसाचा तयार डबा बसवतात, मग त्यात आखूड काडतूस रिकॉइलला (गोळी सुटतानाच्या मागच्या धक्क्याला) पुढेमागे सरकतं आणि गोळीची टोकं चेपतात. इथे डबा या काडतुसासाठीच बनवलाय हे बघून खरंच बरं वाटलं.

बोल्टचं बोलायचं तर पुढे दोन लग (बंद बोल्ट अडकवून धरणारे दात), मागे तिसरा सेफ्टी लग जो एरवी कशाला टेकत नाही, पुढचे दोन तुटलेच तर बोल्ट मागे येऊ नये म्हणून ठेवलेला. प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) फुटला तर गॅस बोल्टवरच्या भोकांतून रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) डाव्या खाचेत जातो आणि श्राउडच्या (बोल्टच्या मागच्या टोपणाच्या) रुंद कडेमुळे तोंडावर येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एवढा विचार केलेला माणूस, मानलं पाहिजे. हँडल ९० अंश उचलावं लागतं, तीन लगवाल्या नव्या ॲक्शनमध्ये ६०-७० अंशात काम होतं, पण इथे बोल्ट उघडतानाच स्ट्रायकर (प्रायमरवर आदळणारी पिन) ताणून तयार, म्हणजे कॉक होतो आणि तरीही उचलायला जड जात नाही. हँडल उचलताना त्याचं मूळ रिसीव्हरच्या उतारावर चढतं आणि केस (काडतुसाचं रिकामं कवच) ओढायच्या आधीच किंचित मागे खेचली जाते, यालाच प्रायमरी एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. स्कोपसाठी (वर बसवायच्या दुर्बिणीसाठी) हँडल कापून नवीन वेल्ड करताना ते जरा जरी चुकीच्या जागी बसलं तर ही ताकद गेली, आणि उन्हात तापलेल्या चेंबरमध्ये केस चिकटली की मग बोल्टवर हात आपटत बसा. हिच्यात जाणवतं, हँडल वर जाता जाता एक हलका झटका लागतो.

इजेक्टर (केस बाहेर फेकणारा भाग) फिक्स्ड आहे, स्प्रिंगचा नाही. म्हणजे बोल्ट जोरात ओढला तर केस लांब उडते, हळू ओढला तर अलगद हातात येते. केसेस परत भरणाऱ्यांना हे फार आवडेल. फक्त एक, काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून त्यावर बोल्ट बंद करायची सवय असेल तर सोडा, माउझरच्या पंजाला ते मानवत नाही. हिच्यात पंजाला तिरपी कड दिलीये म्हणून चालतं, तरी मॅगझिनमधूनच भरा.

सेफ्टी जुन्या माउझरसारखी वर उभी राहणारी नाही कारण ती स्कोपला धडकते, त्याऐवजी विंचेस्टर मॉडेल ७० सारखी बाजूला फिरणारी तीन पोझिशनची. मधल्या पोझिशनला स्ट्रायकर लॉक पण बोल्ट उघडतो, त्यामुळे रायफल रिकामी करताना सेफ्टी काढावी लागत नाही. ट्रिगर सिंगल स्टेज (एकाच टप्प्यात सुटणारा), दीड किलोच्या थोड्या आतल्या ओढीवर सेट करून आलाय, घसरत नाही काही नाही, काच तुटल्यासारखा सुटतो. शिकारीच्या रायफलवर याहून हलका मी तरी ठेवणार नाही.

बॅरल २४ इंची क्रोम-मॉली पोलादाचं, आतल्या खाचांचा ९ इंचात एक पीळ. बेडिंग (ॲक्शन लाकडात किती नीट बसलीये ते) तपासायची माझी पद्धत साधी आहे, स्टॉकच्या (लाकडी दस्त्याच्या) टोकाशी बॅरल आणि लाकूड यांच्यावर एकत्र बोट ठेवायचं आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा, बॅरल बोटाखाली हललं तर ॲक्शन वाकवून बसवलीये असं समजायचं. इथे काहीच हललं नाही. रिकॉइल लगच्या मागे इपॉक्सी एकसारखा बसलाय आणि कागद बॅरलखालून थेट रिसीव्हरपर्यंत सरकतो, म्हणजे बॅरल लाकडाला टेकत नाही. लाकूड अक्रोडाचं, तेलाचं फिनिश, आणि महत्त्वाचं म्हणजे मनगटापाशी (ट्रिगरमागे हाताने पकडायच्या बारीक जागेपाशी) रेषा सरळ लांबीच्या दिशेने गेल्यात. नक्षीदार रेषा मागे बटमध्ये कितीही असू द्या, मनगटात आडव्या आल्या तर तिथेच तडा जातो.

ग्रुप विचारत होतात ना, ९ ग्रॅमच्या म्हणजे १४० ग्रेनच्या गोळीने १०० मीटरवर तीन गोळ्या आरामात एका एमओएच्या (एका अंशाच्या साठाव्या भागाच्या) आत, म्हणजे २९ मिलीमीटरपेक्षा कमी. मला जास्त आवडलं ते थंड बॅरलची पहिली गोळी दर वेळी त्याच जागी लागते हे. काडतूस जुनं आहे, १८९० च्या दशकातलं, आणि अमेरिकन फॅक्टरी काडतुसं त्या काळच्या जुन्या रायफली अजून वापरात आहेत म्हणून मुद्दाम मवाळ भरतात. युरोपियन लोड जास्त दाबाचे असतात आणि या ॲक्शनला ते झेपतात. रिकॉइल एवढा सौम्य की मझल ब्रेक (बॅरलच्या टोकाला लावायचा, धक्का कमी करणारा भाग) लावायचा विचारही करू नका, उगाच कानाचे हाल.

आता तक्रार. फ्लोअरप्लेटची (मॅगझिनच्या तळाच्या झाकणाची) कळ ट्रिगर गार्डच्या आत पुढच्या बाजूला आहे आणि तिची स्प्रिंग इतकी मऊ आली की हातमोजे घातलेलं बोट ट्रिगरकडे नेताना कळ दबली आणि सगळी काडतुसं खाली गवतात. बनवणाऱ्याला कळवलं तर आधी "असं कुणाचं होत नाही" हे ऐकून घ्यावं लागलं, मग कडक स्प्रिंग पाठवली, ती बसवल्यावर ठीक आहे. एवढं बारीक काम करणाऱ्याने हे सोडावं याचं नवल वाटतं.

वजन स्कोपसकट चार किलोच्या जवळ जातं. डोंगर चढून शिकार करणाऱ्याने कार्बन फायबर स्टॉकवालं काहीतरी बघावं, ही बसून किंवा सपाटीवर फिरून शिकार करणाऱ्याची रायफल आहे. आणि ऑर्डर देणार असाल तर आपली लेंग्थ ऑफ पुल (ट्रिगरपासून बटच्या टोकापर्यंतचं अंतर) जाड जॅकेट घालून मोजून द्या आणि फ्लोअरप्लेटची कळ गार्डच्या बाहेर मागून घ्या.