ओळी ४५१, हिशेब मात्र १६ जागांचा

भोसरीतील माझ्या लहान कारखान्यात यंत्रांचे पोलादी सुटे भाग तयार होतात. एका ग्राहकाने ऑर्डर पक्की करण्यापूर्वी अट घातली की, ओढ सोसणाऱ्या २०० मिमी रुंद पट्टीच्या मधोमध वायर जाण्यासाठी जे २० मिमीचे भोक आहे, त्याच्या काठापासून पट्टीच्या कडेपर्यंतच्या ९० मिमी रेषेवरील ताणाचे आकडे सीएसव्ही फाइलमध्ये द्यावेत. पट्टीवर भार वारंवार येणार असल्याने त्यांचे अभियंते याच आकड्यांवरून फटीगचे, म्हणजे वारंवारच्या भाराने धातू थकून तडकण्याचे, गणित करणार होते.

आमच्याकडे एफईएचे, म्हणजे भागाचे लहान तुकडे (एलिमेंट) कल्पून त्यांतला ताण संगणकावर काढण्याचे, सॉफ्टवेअर नाही, म्हणून ओळखीतून समजलेल्या एका सल्लागाराला काम दिले. भोकाभोवती १ मिमीचे मेश (त्या तुकड्यांची जाळी), क्वाड्रॅटिक (अधिक अचूक प्रकारचे) एलिमेंट आणि तीन वेगवेगळ्या मेशवर उत्तर स्थिरावल्याचा तक्ता, असे ठरले. ६० हजारांपैकी ४५ हजार रुपये मी आगाऊ दिले.

अहवाल देखणा होता आणि सीएसव्हीत ०.२ मिमी अंतराने ४५१ ओळी होत्या. एवढ्या ओळी पाहून काम बारकाईने झाले असावे असे मी मानले, आणि तिथेच फसलो. रेषेवर किती बिंदू घ्यायचे हे आकडे काढणारा ठरवतो. नोड म्हणजे तुकडे जिथे जोडले जातात ते बिंदू; दोन नोडांमधली किंमत सॉफ्टवेअर इंटरपोलेशनने, म्हणजे दोन्ही टोकांवरून मधले आकडे काढून, भरते, त्यामुळे मेश कितीही ढोबळ असले तरी हव्या तेवढ्या ओळी काढता येतात.

शंका आली ती पहिल्या ओळीमुळे. भोकापासून दूर पट्टीत ६० मेगापास्कल ताण होता. रुंद पट्टीतील गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्शने १८९८ मध्येच दाखवून दिले आहे. म्हणजे १८० च्या आसपास आकडा हवा होता. फाइलमध्ये ११७.४ होता. मग मी एक्सेलमध्ये शेजारच्या रकान्यात प्रत्येक ओळीतून आधीची ओळ वजा केली. पहिल्या ३० वजाबाक्या तंतोतंत सारख्या, मग आकडा बदलला, पुन्हा ३० सारख्या, आणि हे शेवटच्या ओळीपर्यंत. म्हणजे तो आलेख ६ मिमीच्या १५ सरळ तुकड्यांचा होता आणि त्यामागे केवळ १६ नोड होते. १ मिमीचे मेश असते तर वजाबाकी जास्तीत जास्त पाच ओळींनी बदलली असती.

ताण एलिमेंटच्या आतील ठरावीक बिंदूंवर (गॉस बिंदू) काढला जातो, तिथून नोडवर आणला जातो आणि शेजारच्या एलिमेंटांशी त्याची सरासरी होते. एलिमेंट मोठे असले की काठावरचे शिखरच कापले जाते, आणि फटीगला तर तेच शिखर लागते. मला सर्वांत जास्त चीड आली ती मेशच्या तक्त्याची. ११६.२, ११७.१, ११७.४ असे सुबक स्थिरावणारे आकडे त्यात होते; खरोखर तीन मेश चालवले असते तर ते १८० कडे सरकले असते.

मी मूळ रिझल्ट फाइल मागितली. आधी ती फार मोठी असल्याचे सांगण्यात आले, नंतर लायसन्स संपल्याचे, आणि त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. पुतण्याने कॅलक्युलिक्स या मोफत सॉफ्टवेअरवर तीच पट्टी बारीक मेश घेऊन सोडवली, तेव्हा काठावर १८२ मिळाले. ४५ हजार गेले ते गेलेच, पण ११७ धरून त्या पट्ट्या कामाला लागल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार अजून झोप उडवतो.

पुढचे काम देताना मी रिझल्ट फाइल, रेषेवरील नोडांची यादी आणि सरासरी न घेतलेले ताण करारातच लिहून घेतले, आणि निम्मी रक्कम ती फाइल आमच्या संगणकावर उघडेपर्यंत राखून ठेवली.