आधी नर्मदेवरचा लेख काढा

अरुंधती रॉय यांचं ‘द अल्जेब्रा ऑफ इन्फिनिट जस्टिस’ हे इंग्रजी लेखांचं पुस्तक नंदुरबारच्या शहाद्यात बसून वाचायचं तर १९९९चा नर्मदेवरचा लेख आधी काढा. सरदार सरोवरात बुडालेलं मणिबेली गाव आपल्याच अक्कलकुवा तालुक्यातलं. देशभरातल्या धरणग्रस्तांचा धड सरकारी आकडाच नाही म्हटल्यावर बाई स्वतः हिशोबाला बसतात: मोठी धरणं ३,३००, धरणामागे माणसं नुसती १०,००० धरली तरी ३ कोटी ३० लाख! हिशोब ढोबळ आहे, पण सगळा उघड्यावर मांडलेला, कुणीही तपासावा. पोखरणच्या अणुचाचण्यांवरच्या लेखात मात्र आवाज फार चढतो, वाचणाऱ्यालाच दम लागतो. इंग्रजीही सोपं नाही, डिक्शनरी जवळ ठेवा. तरी तळोदा-शहाद्याकडच्या मास्तरांनी घ्यावंच. पुनर्वसन वसाहतीतली पोरं त्यांच्याच वर्गात बसतात.