द्रवातले अणू: हिऱ्यांत दाबायचे की कॉम्प्युटरवर?

एमएस्सी फिजिक्स झालंय आणि पीएचडीला ‘प्रचंड दाबाखालची द्रवरूप मूलद्रव्यं’ घ्यायचीत, तर नागपुरात बसून पहिला निर्णय एकच: प्रयोग की सिम्युलेशन?

दोन्हीत शोधायचं एकच: द्रवात एका अणूभोवती किती अंतरावर किती शेजारी अणू आहेत. प्रयोगात डायमंड अँव्हिल सेल वापरतात. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबायचा, तापवून वितळवायचा आणि सिंक्रोट्रॉनचे (इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्राचे) एक्स-रे आरपार सोडायचे. खरी डोकेदुखी पुढे आहे. नमुना काही मायक्रॉन जाड, हिरे मात्र मिलिमीटरमध्ये. म्हणजे डिटेक्टरवर हिऱ्यांचाच गोंगाट जास्त. स्फटिकाच्या ठळक रेषा त्यातूनही उठून दिसतात. द्रवाचे मात्र पसरट उंचवटे, आणि हिऱ्यांचा वाटा वजा करताना जरा इकडेतिकडे झालं की शेजारी अणूंची संख्याच बदलते. सेलच्या फटीतून ठरावीक कोनापर्यंतचेच किरण बाहेर येतात, त्या अर्धवट डेटाचं फूरिए रूपांतर (कोनांवरून अणूंमधली अंतरं काढायचं गणित) केलं की नसलेली शिखरं उगवतात. आपल्याला जवळचं म्हणजे इंदूरचं इंडस-२ सिंक्रोट्रॉन. तिथं उच्च दाबाची सोय आहे, पण प्रपोजल द्या आणि बीमटाइमची, म्हणजे यंत्रावर मिळणाऱ्या वेळेची, वाट बघा.

सिम्युलेशनला वाट बघावी लागत नाही. क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शेदोनशे अणू, काही पिकोसेकंद, की शेजारी अणूंचा आलेख हजर. धोका तोच, उत्तर कायम मिळतं, मग ते चुकीचं का असेना. १९९९ मध्ये एका सिम्युलेशनमध्ये द्रव कार्बन एकाएकी दुसऱ्याच द्रवात बदलताना दिसला. २००२ मध्ये अधिक काटेकोर क्वांटम गणितात तो बदल सापडलाच नाही. प्रत्यक्ष रचना मोजली गेली ती २०२५ मध्ये, हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या एक्स-रे लेसरवर: प्रत्येक अणूला सरासरी चारेक शेजारी.

सोडियमचं उलट, तिथं प्रयोग आधी. साध्या दाबाला ९८ अंशांना वितळणारा हा धातू ११८ गिगापास्कलच्या (हवेच्या दाबाच्या दहा लाख पटींहून जास्त) आसपास खोलीच्या तापमानालाच वितळतो, हे २००५ च्या प्रयोगानं दाखवलं. का, ते सांगायला सिम्युलेशन लागलं.

माझं मत: गाइडकडे नियमित बीमटाइम असेल तर प्रयोगच घ्या, तो हात पुढं कुठंही कामी येतो. नसेल तर सिम्युलेशन. पण सुरुवात अशा मूलद्रव्यानं करा, ज्याचा मोजलेला डेटा छापून आलाय. गॅलियम घ्या, २९.८ अंशांना वितळतं (मे महिन्यात नागपुरात हीटरही नको). तुमचा आलेख मोजलेल्या आलेखाशी जुळेपर्यंत दाब वाढवू नका. आणि प्रवेशाआधी गाइडला स्पष्ट विचारा, ‘सर, गेल्या दोन वर्षांत बीमटाइम किती वेळा मिळाला?’