राणीची बाग, पेंग्विन वगळून: तीन हंगामांच्या वापरानंतरचा अनुभव

भायखळ्याच्या राणीच्या बागेतली गर्दी फाटकातून थेट पेंग्विनच्या काचेकडे जाते, वाघाचं दर्शन झालं की परत फिरते. या दोन मुक्कामांच्या मधे 50 एकरांहून मोठं वनस्पती उद्यान आहे. त्यात 3000 हून जास्त झाडं आणि 250 च्या वर जाती आहेत. बहुतेकांच्या लेखी ती फक्त सावली. पावसाळा, थंडी आणि उन्हाळा असे तिन्ही हंगाम ही बाग निव्वळ झाडांसाठी वापरली, तर ती कशी वाटते, ते इथे लिहिलं आहे.

आधी वेळेचं गणित. बुधवारी बाग बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद. बाकी दिवशी साडेनऊला आत सोडतात, सहाला बाहेर काढतात. तिकीट खिडकी सव्वापाचच्या सुमारास मिटते. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत दहा-बारा मिनिटं. रविवारी दुपारी मात्र जाऊच नका. मंगळवार किंवा गुरुवारी साडेनऊला आत शिरलात, तर अकरापर्यंत झाडांखाली उभं राहून वर बघता येतं. त्यानंतर शाळांच्या सहली येतात आणि मागून धक्के सुरू होतात.

इथे परदेशी झाडं इतकी का, याचं उत्तर बागेच्या जन्मात आहे. ही बाग उभारणाऱ्या कृषी-उद्यान संस्थेची आधीची बाग शिवडीला होती, ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याची बाग 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते उघडली आणि 1873 मध्ये ती पालिकेकडे आली. जगभरातली रोपं आणून मुंबईच्या हवेत काय तगतं ते बघणं, हे अशा बागांचं कामच होतं. पिंजरे नंतरचे.

आता खरा मुद्दा: कोणत्या महिन्यात काय बघायचं. गोरखचिंचेचं ते हत्तीच्या पायासारखं खोड वर्षभर दिसतं, पण फुलं पावसाच्या तोंडावर येतात. इथेच सगळ्यांची फसगत होते. हे फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळं परागीभवन करतात आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या तपकिरी पडून गळतात. म्हणजे साडेनऊच्या पाहुण्याला जमिनीवरचा पसाराच बघायला मिळतो. रोज फिरायला येणाऱ्यांसाठी सकाळी लवकर मासिक पासावर प्रवेश असतो. जून-जुलैपुरता तो काढलात तर फूल ताजं सापडण्याची शक्यता बरीच वाढते. चेंडूफळाचंही असंच. थंडीत त्याचे फुलांचे लोंबते चेंडू दिवसाही दिसतात, पण त्यांचे गिऱ्हाईक, म्हणजे वटवाघळं, रात्रीचे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात मादागास्करची किलबिली नारिंगी घोसांनी भरते. पानं गुलमोहरासारखी असल्यामुळे एरवी तिच्याजवळून लोक सरळ पुढे जातात. थंडी सरता सरता उर्वशी फुलते. म्यानमारकडचं हे झाड फुलांच्या झुंबरांसाठी प्रसिद्ध आहे, पण फुलं नसतानाही त्याची कोवळी पानं बघा. तांबूस, मलूल, लोंबकळती, जणू झाडाला पाणीच मिळालेलं नाही. ते आजारी नाही, पालवीची रीतच तशी. याला बी क्वचितच धरतं, म्हणून रोपं गुटी बांधून, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटवून करतात आणि म्हणूनच ती दुर्मिळ व महाग.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सीता अशोकाचे केशरी गुच्छ खोडाला लगटून येतात. सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच सरळसोट अशोक वेगळा. तो आसुपालव, दोघांचं कूळही एक नाही. याच सुमारास कुठे कुजका वास आला तर गटार शोधू नका, वर बघा. जंगली बदाम फुललेला असतो. कैलासपतीचा सुगंध याच्या अगदी उलट, सकाळी सर्वांत दाट. त्याच्या फळांखाली मात्र उभं राहू नये. तोफगोळ्याएवढं जड फळ खाली पडून फुटलं, की त्याची दुर्गंधी वेगळीच.

गटाने वृक्षफेरी करायची तर पंधरा माणसांच्या वर नको, मागच्यांना ऐकू येत नाही. दोन-अडीच तासांत पंचवीस झाडं पुरेत. त्याहून जास्त दाखवली तर घरी जाईपर्यंत डोक्यात एकही उरत नाही. नामफलकांवर डोळे मिटून विश्वास नको, कारण जुनं झाड पडून शेजारचं वाढलं तरी कोणत्याही बागेत पाटी जुनीच राहू शकते. पान, पानाची मागची बाजू, साल आणि पूर्ण झाड असे चार फोटो घेतले की ओळख नंतरही पटते. कृष्णवडाचं द्रोणासारखं पान तोडायचा मोह सगळ्यांना होतो. खाली पडलेलं उचला. पावसाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डासांसाठी मलम हवंच. जोराच्या वाऱ्यात वर्षावृक्ष आणि गुलमोहराखाली थांबू नये, त्यांच्या फांद्या कधी मोडतील सांगता येत नाही.

कार्यक्रमांपैकी फळा-फुलांचं वार्षिक प्रदर्शन जानेवारी अखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतं. पहिल्या दिवशी सकाळी जा. शेवटच्या दुपारपर्यंत फुलं मरगळतात आणि रांग फाटकाबाहेर जाते. स्टॉलवरचं रोप घरी नेल्यावर लगेच कुंडी बदलू नका. आठवडाभर अर्धसावलीत ठेवा, कारण ती बहुधा हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. कोकोपीटमधलं (नारळाच्या काथ्याच्या भुशातलं) रोप वरून कोरडं दिसलं, तरी बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नये.

फाटकालगतचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच फेरीत उरकायचा मोह टाळा. तिकीट वेगळं, आणि आतल्या बारीक कारागिरीला ताजे डोळे लागतात. त्याच्या आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती तेवढा बघून घ्या. तो इंग्लंडला न्यायच्या खटाटोपात तुटला आणि 1914 मध्ये तुकडे जोडून उभा केला. फोर्टातल्या काळा घोडा भागाच्या नावामागचा मूळ पुतळाही 1965 पासून इथेच आहे. तिथे त्याला शोधणाऱ्यांना ही बातमी द्यायला हरकत नाही.