आखाजीला गावात लावावेत असे जुने सिनेमे

सामाजिक सिनेमा दाखवणार म्हटलं की गावातली निम्मी माणसं आधीच तोंड फिरवतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. हुंडा, दारू, स्वच्छता अशा नावांखाली जे दाखवलं जातं, त्यात वाईट माणूस कोण ते दहाव्या मिनिटाला कळतं आणि शेवटी कुणीतरी भाषण ठोकतं. खाली ज्यांची शिफारस केली आहे ते सिनेमे त्या जातीचे नाहीत. त्यातले बरेचसे प्रश्न उघडा ठेवून संपतात, आणि गावात दाखवायला तेच हवे असतात.

खान्देशात यासाठी वर्षातला सगळ्यात चांगला आठवडा आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, कपाशीचं काम उरकलेलं असतं आणि नवी पेरणी लांब असते. एरवी वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बायांना पडद्यासमोर अडीच तास बसवणं शक्य नाही. बाया नसतील तर यातले पहिले तीन सिनेमे लावूच नयेत.

सुरुवात ‘उंबरठा’ने करावी (१९८२, दिग्दर्शक जब्बार पटेल, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून). स्मिता पाटील मूळची शिरपूरच्या घराण्यातली, त्यामुळे धुळे जिल्ह्यात ओळख करून द्यावी लागत नाही. पण तिच्या नावासाठी हा सिनेमा लावायचा नाही. सुलभा महाजनला घरात काही कमी नाही. नवरा वकील, मोठं घर, सासू स्वतः समाजकार्यात. तरी ती महिलाश्रमाच्या अधीक्षिकेची नोकरी धरून परगावी जाते. तिला कुणी मारत नाही, जाळत नाही, आणि म्हणूनच हा सिनेमा अवघड आहे. ‘एवढं सगळं असताना बाई गेलीच का?’ हे तुमच्या पडद्यासमोर कुणीतरी मोठ्यानं म्हणणारच. म्हणू द्यावं, मध्ये थांबवून समजावू नये. आश्रमात गेल्यावर तिथलं संचालक मंडळ कसं चालतं, हिशेब कुठे मुरतो, बायांना कोंडून ठेवण्याला ‘सुधारणा’ कसं म्हणतात, हे सगळं नीट उलगडतं. घरी मुलगी हळूहळू जावेची होते, तो धागा दिग्दर्शकानं फार कमी शब्दांत सांभाळला आहे. आश्रमातल्या दोन मुलींच्या एकमेकींवरच्या प्रेमाचा भागही आहे. काही प्रतींत असे प्रसंग कापलेले आढळतात, तेव्हा प्रत आधी पूर्ण बघूनच ठरवावी. उणीव सांगायची तर मधला आश्रमाचा भाग लांबतो, आणि मंडळावरची माणसं थोडी एकाच साच्यातली वाटतात.

‘दोघी’ (१९९५, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर) याहून जास्त लोकांपर्यंत पोचायला हवा होता. खान्देशासाठी या यादीतला सगळ्यात जवळचा सिनेमा हाच. दुष्काळी गाव, दोन बहिणी, गौरी आणि कृष्णा. गौरीच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होतो, नवरदेव जातो, पोरगी अपशकुनी ठरते, बाप अंथरूण धरतो. मग मामा तिला मुंबईला ‘कामाला’ नेतो. सदाशिव अमरापूरकरांनी हा मामा राक्षस करून उभा केलेला नाही, तो घरातलाच माणूस वाटतो आणि त्यामुळेच अंगावर येतो. आईची भूमिका उत्तरा बावकर यांची. लेकीच्या पैशावर घर चालतं, धाकटीचं लग्न ठरतं आणि त्याच लग्नात थोरलीनं शुभकार्यात पुढे यायचं नाही. ही अट घालणारी आईच. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी राग नसतो, भीती असते. हा सिनेमा बघताना तेवढा एक चेहरा नीट बघावा.

गाणं ना. धों. महानोरांचं, ‘भुई भेगाळली खोल’. अंजली मराठे यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याचा हा कवी. जामनेर, पाचोरा भागात त्याचे शब्द ऐकताना परकेपणा वाटत नाही. ज्या घरांतली माणसं सुरतेला किंवा बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, त्या घरांना ‘कामाला नेतो’ या दोन शब्दांचं वजन वेगळं सांगावं लागणार नाही. एकच सूचना. पडदा अंधारला की लगेच दिवे लावू नयेत, नामावली पूर्ण जाऊ द्यावी. बायांना डोळे पुसायला तेवढी मिनिटं लागतात.

‘कुंकू’ (१९३७, प्रभात, दिग्दर्शक व्ही. शांताराम) नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून घेतला आहे. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, एवढीच गोष्ट. शांता आपटे यांची नीरा रडत नाही, भांडते. काकासाहेब झालेले केशवराव दाते हळूहळू आपल्याच घरातल्या जुन्या घड्याळासारखे दिसू लागतात, आणि ते घड्याळ शांतारामांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे, ज्यांनी पुढे कुटुंबनियोजनासाठी आयुष्यभर काम केलं. या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते घरातलं आणि रस्त्यावरचं. म्हणून आवाजाची सोय वाईट असेल तर ‘कुंकू’ सगळ्यात आधी मरतो.

तेव्हा आवाजाचं आणि पडद्याचं इथेच सांगितलेलं बरं.

लग्नातला भोंगा लावू नये. भोंग्यात आवाजाचा खालचा भाग जातो, उरतो तो चिरका, आणि १९३७ च्या ध्वनिमुद्रणात मुळातच खरखर असते. दोन साधे खोकेवाले स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर ठेवावेत. ट्रेबल कमी करावा, बास वाढवू नये. शाळेच्या सभागृहात पंखे पूर्ण वेगानं चालले तर संवाद बुडतात, ते मध्यम ठेवावेत. जनरेटर असेल तर तो इमारतीच्या मागे, लांब.

चित्राच्या आकाराची चूक तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी होते. जुने सिनेमे चार-तीनच्या चौकटीत काढलेले, आजचे प्रोजेक्टर सोळा-नऊचे. यंत्र आपोआप चित्र ताणतं आणि सगळी माणसं जाडी, बुटकी होतात. नीराच्या कपाळावरचं कुंकू गोल दिसतंय का ते बघावं. अंड्यासारखं आडवं दिसलं तर सेटिंगमध्ये चार-तीन निवडावं. मग ८ फूट रुंद पडद्यावर चित्र ६ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच येईल, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. पट्ट्या राहू द्याव्यात. साधारण प्रोजेक्टरला पूर्ण ८ फुटांसाठी सुमारे १२ फूट अंतर लागतं, पण ते यंत्राच्या पुस्तिकेत बघून घ्यावं, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. बंद सभागृहाला ३००० लुमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात, उघड्यावर रस्त्याचा दिवा जवळ असेल तर ४००० सुद्धा कमी पडतात. ग्रामपंचायतीला सांगून तेवढा एक दिवा बंद करून घेणं सगळ्यात स्वस्त. चादर एकेरी बांधली तर उजेड आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं. मागून काळं कापड लावावं आणि खालच्या काठात काठी घालून ती ताणावी, नाहीतर वाऱ्यानं चेहरे हलतात.

उन्हाळ्यात साडेसातच्या आत सुरू करून उपयोग नाही, अंधारच पडत नाही. शिवाय जळगाव-भुसावळकडे दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या खोलीत यंत्र ठेवलं तर ते अर्ध्यात स्वतःहून बंद पडतं. ते बिघडलेलं नसतं, तापलेलं असतं. मागची जाळी भिंतीला टेकवू नये. वीज जाण्याचा भरवसा नसेल तिथे छोटा यूपीएस लावावाच. दिवा जळणाऱ्या जुन्या यंत्राची वीज एकदम गेली की पंखा थांबतो, दिवा आत तापत राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं.

प्रत कुठून घ्यायची हा खरा अडथळा. घरी बघण्यासाठीची डीव्हीडी किंवा मोबाईलवर सापडलेली प्रत जाहीरपणे लावायची तर हक्क असलेल्याची परवानगी लागते. ती आधी घ्यावी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी (स्थापना १९६४) आणि फिल्म सोसायट्यांशी पत्रव्यवहार करून विचारता येतं. आखाजीच्या दोन महिने आधी सुरुवात करावी. ‘कुंकू’ आणि पुढे येणारा ‘शेजारी’ हिंदीतही निघाले, ‘दुनिया न माने’ आणि ‘पडोसी’ या नावांनी, म्हणून हाती आलेली प्रत कुठल्या भाषेतली ते पहिल्याच दिवशी तपासावं. सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर इंग्रजी ‘A’ (हिंदीत ‘व’) दिसलं तर मुलांचा कार्यक्रम वेगळा लावावा.

पुरुषमंडळी जमणार असतील आणि सोसायटीची किंवा कारखान्याची निवडणूक होऊन गेली असेल, तर ‘सामना’. निवडणुकीच्या आधी नको. लोक त्यातल्या पुढाऱ्याच्या जागी गावातलं नाव बसवतात आणि सिनेमा बाजूला राहतो. १९७४ चा हा सिनेमा विजय तेंडुलकरांनी लिहिला आणि जब्बार पटेलांनी केला, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठूनसा आलेला दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. हिंदुराव त्याला घरात ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो. मास्तर फक्त विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? हिंदुरावानं खरंच शाळा काढली आहे, रस्ते केले आहेत, पाणी आणलं आहे. विकास आणि गुन्हा एकाच माणसाच्या हातून होतो, हे इतक्या सरळपणे मांडणारा दुसरा मराठी सिनेमा सांगणं कठीण आहे. फुल्यांनी हा माणूस आवडावा असा केला आहे. तो आवडतो, आणि तिथेच बघणाऱ्याची पंचाईत होते.

‘शेजारी’ (१९४१, व्ही. शांताराम) शहादा, तळोदा, अक्कलकुवा भागात आवर्जून लावावा. जिवबा आणि मिर्झा या दोन म्हाताऱ्या मित्रांमध्ये, हिंदू आणि मुसलमान, धरण बांधायला निघालेला माणूस फूट पाडतो. एरवी याचं कौतुक फक्त धार्मिक ऐक्यासाठी होतं, पण भांडण लावलंय ते जमिनीसाठी, हे विसरलं जातं. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, ती याच नंदुरबार जिल्ह्यातली. तिथल्या लोकांना धरण हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. ‘लखलख चंदेरी’ हे गाणं याच सिनेमातलं, मोठ्या समूहाचं, आणि पडदा मोठा असेल तर ते डोळ्यांत भरतं. शेवटचा धरणफुटीचा प्रसंग आजही टिकतो. दुसऱ्या दिवशी आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा ‘नर्मदा डायरी’ (१९९५) लावावा. माहितीपट आहे, साधारण तासाभराचा, आणि त्यात अक्कलकुव्यातल्या मणिबेलीची माणसं आहेत.

कपाशीच्या शेतकऱ्यांसाठी ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९, सतीश मनवर). शेजारच्यानं आत्महत्या केली, आपलाही नवरा करेल या धास्तीनं बायको त्याच्यावर पाळत ठेवायला लागते, पोराला मागे पाठवते. पाऊस हुलकावणी देतो, पेरणी पुन्हा करावी लागते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी दोघंही उत्तम. बोली वऱ्हाडी, पण मुक्ताईनगर-बोदवडकडे ती घरचीच वाटते, साक्री-नवापूरकडे पहिली पंधरा मिनिटं कान लावावा लागतो. ज्या गावात अशी घटना नुकतीच घडली असेल तिथे हा सिनेमा मुळीच लावू नये. वर्ष-दोन वर्षं जाऊ द्यावीत आणि त्या घराला विचारून लावावा.

‘महात्मा फुले’ (१९५४) आचार्य अत्र्यांचा. ‘श्यामची आई’ सगळ्यांना माहीत, साने गुरुजींमुळे अमळनेरला तर विशेष. पण त्यानंतरचा हा सिनेमा मागे पडला. प्रसंग नाटकासारखे उभे केले आहेत, संवाद लांब आहेत, तरी शाळांमध्ये चालतो. ‘जैत रे जैत’ (१९७७) गाण्यांसाठी जरूर बघावा, महानोर आणि हृदयनाथ मंगेशकरांचं काम मोठं आहे. मात्र तो ठाकर आदिवासींचा आहे, आणि धडगावच्या पावरा-भिल्लांना ‘हा तुमचा सिनेमा’ म्हणून दाखवू नये.

दूध सोसायटी असलेल्या गावात श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ (१९७६). गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो काढला. हिंदी सोपी आहे, आणि सोसायटीच्या निवडणुकीत हरिजनवस्तीचं मत कसं फिरतं हे त्यात नीट दिसतं.

शेवटी ‘एक कप च्या’ (२००९, भावे-सुकथनकर). एसटी कंडक्टर काशिनाथला अवाच्या सवा वीजबिल येतं आणि तो माहितीचा अधिकार वापरतो. किशोर कदम यांनी हा माणूस इतका साधा ठेवला आहे की अर्ज लिहिणं हेच नाट्य होतं. हा सिनेमा लावाल तेव्हा जोडपत्र ‘अ’च्या, म्हणजे त्या अर्जाच्या नमुन्याच्या, पन्नासेक प्रती काढून ठेवाव्यात. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील जोडपत्र ‘ब’वर, २० रुपयांच्या तिकिटासह. माहिती नेमकी मागावी. ‘माझं बिल जास्त का?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या मीटर वाचनाच्या नोंदीची प्रत द्यावी’ असं लिहिलं तर ती द्यावी लागते. पेन आणि टेबल दाराशीच ठेवावं, कारण घरी नेलेला कोरा अर्ज बहुतेक वेळा कोराच राहतो.