'आयदान' : कोपरा चेपलेला, आतला मजकूर खणखणीत

ऑनलाइन मागवलेलं ऊर्मिला पवारांचं 'आयदान' आलं ते कोपरा चेपूनच. पाकिटात साधा पुठ्ठासुद्धा नव्हता. परत पाठवणार होते, पण सहज चार पानं चाळली आणि ते राहूनच गेलं. २००३ सालचं हे आत्मकथन. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या टोपल्या-सुपं; नवरा गेल्यावर लेखिकेची आई ती विणून घर चालवायची. जात बाहेर नडते, बाईपण घरातही. दलित चळवळीतल्या पुरुषांनाही ही लेखिका सोडत नाही, हे मला सर्वांत आवडलं. कोकणी बोलीपाशी मी, देशावरची, जरा अडखळले. सासूबाईंनी मात्र चष्मा पुसत दोनदा विचारलं, "हे छापलं हिनं?" कोपऱ्याला चिकटपट्टी लावलीय, पुस्तक सध्या त्यांच्या उशाशी आहे.