मुतखड्याचं ऑपरेशन: पुण्याचं मोठं हॉस्पिटल की मिरजेचे डॉक्टर?

सांगली-कोल्हापूरकडच्या घरात मुतखड्याचं ऑपरेशन ठरलं की दोन तट पडतात. एक म्हणतो पुण्याला चला, दुसरा म्हणतो मिरजेत काय कमी आहे? माझी डावी बाजू पुण्यात झाली, उजवी काही वर्षांनी मिरजेत.

डिग्रीवरून निवड होत नाही. एम.एस.नंतर युरोलॉजीत, म्हणजे किडनी-मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेत, एम.सीएच. किंवा डीएनबी केलेले डॉक्टर दोन्हीकडे आहेत. शंका वाटली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी तपासता येते. लेझर आणि दुर्बीणही आता दोन्हीकडे मिळते. पुण्यात कॅशलेसचं काम सुरळीत झालं, वॉर्ड स्वच्छ होता, आणि ऑपरेशन उत्तम झालं, हे आधी सांगतो.

माझं मन फिरलं ते डीजे स्टेंटमुळे. खडा काढल्यावर किडनीपासून मूत्राशयापर्यंत ही बारीक नळी बऱ्याचदा ठेवतात. ती आत असेपर्यंत सारखी लघवीला लागते, लघवी करताना कमरेत कळ येते, कधी लघवी लालसर होते. यातलं बरंचसं अपेक्षितच असतं, पण ते कुणीतरी सांगावं लागतं. फोन केला की कॉल सेंटर लागायचं. ओपीडीत दर वेळी नवे डॉक्टर, दर वेळी सगळी हकिगत पहिल्यापासून. ज्यांनी ऑपरेशन केलं ते भेटतच नव्हते. नळी कधी काढायची, यावर दोघांनी दोन उत्तरं दिली. आणि ही विसरायची गोष्ट नव्हे. महिनोन्‌महिने राहिली तर तिच्यावरच क्षार साठतात आणि काढणं अवघड होऊन बसतं.

मिरजेच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल लहान. पार्किंग नाही, बाकावर तासन्‌तास बसावं लागतं. पण सोनोग्राफी त्यांनी स्वतः पाहिली. खडा पाच मिलीमीटरच्या आसपास होता. असे बरेच खडे आपोआप पडतात म्हणून त्यांनी आधी गोळ्या देऊन वाट पाहिली. तो मूत्रवाहिनीत अडकून राहिला तेव्हाच ऑपरेशन केलं. डिस्चार्जच्या कागदावर स्टेंट काढायची तारीख लिहून दिली, ती चुकू नये म्हणून आदल्या दिवशी सिस्टरांचा फोन आला, आणि नळी त्यांनीच काढली.

एकच किडनी असेल, हृदयविकारामुळे रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील किंवा कॅन्सरची शंका असेल, तर मीही पुणंच म्हणेन. तिथे आयसीयू, नेफ्रोलॉजिस्ट (किडनीवर औषधोपचार करणारे डॉक्टर), हृदयाचे डॉक्टर एका छताखाली असतात. साध्या खड्यासाठी मात्र माझा कल मिरजेकडे. अर्थात हा माझ्यापुरता अनुभव. पुण्यातही स्वतः पाठपुरावा करणारे डॉक्टर असतीलच.

नाव शोधताना फॅमिली डॉक्टरांना विचारा, "तुमच्या घरच्यांना कुणाकडे पाठवाल?" पहिल्या भेटीतच विचारून घ्या की ऑपरेशन स्वतः कोण करणार, एका वेळेत खडा पूर्ण निघाला नाही तर पुढे काय, आणि रात्री थंडी वाजून ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. हा ताप सकाळपर्यंत अंगावर काढायचा नसतो. सीटी केला असेल तर रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडीही न्या. चांगला युरोलॉजिस्ट चित्रं स्वतः पाहायला मागतो.